फुग्यावर कागदी मुखवटा: वर्गात करून घेण्याची पद्धत

कागदी मुखवट्याला सर्वांत जास्त वेळ लागतो तो वाळायला, आणि तो बिघडतोही तिथेच. म्हणून पाच तासिका धरा आणि प्रत्येकीनंतर किमान एक पूर्ण दिवस मोकळा सोडा.

खळ मोठ्यांनीच शिजवावी. एक वाटी मैदा एक वाटी गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, उकळत्या चार वाट्या पाण्यात ओता आणि दोन-तीन मिनिटं ढवळा. गार झाली की ती आणखी दाटते. चमचाभर मीठ घातलं तर बुरशी लवकर धरत नाही. खळ टिकावी म्हणून काही जण मोरचूद (कॉपर सल्फेट) घालतात, पण ते विषारी असतं, मुलांच्या खळीत अजिबात नको.

वर्तमानपत्राच्या अडीच सेंटीमीटर रुंद, दहा सेंटीमीटर लांब पट्ट्या हातानेच फाडायला सांगा. कात्रीने कापलेली कड सरळ उठून दिसते, फाटलेली कड शेजारच्या पट्टीत मिसळते.

फुगा मुलाच्या चेहऱ्याहून थोडा मोठा फुगवा, वाटीत टेकवा आणि पुढच्या अर्ध्या भागावर तेलाचा हात फिरवा. पट्टी खळीत बुडवली की दोन बोटांत धरून निपटा. मुलं इथे हमखास घाई करतात. जास्तीची खळ आत राहते आणि मुखवटा आठवडाभर दमट राहतो. पहिला थर छापील कागदाचा, दुसरा कोऱ्या कागदाचा असा आलटून पालटून द्या, म्हणजे कुठे जागा सुटली ते मुलांना स्वतःलाच दिसतं. एकूण पाच थर हवेत, पण एका वेळी दोनच. जास्त दिले तर वरून कडक आणि आतून ओलं राहतं, मग वास येतो.

वाळवायला पंखा उत्तम. कडक उन्हात फुग्यातली हवा प्रसरण पावते आणि फुगा फुटतो. कागद ओला असेल तर मुखवटा तिथेच आत बसतो. हात लावल्यावर गार लागला, तर तो अजून ओला आहे.

पूर्ण वाळल्यावर गाठीजवळ बारीक छिद्र पाडून हवा हळूहळू सोडा. कड कातरून तिच्यावर पट्ट्या दुमडून चिकटवा. नाक, भुवया, गाल यांसाठी कागदाचे बोळे मास्किंग टेपने बसवा आणि वरून दोन थर द्या. डोळ्यांच्या खुणा मुखवटा मुलाच्या चेहऱ्यावर धरूनच करा. अंदाजाने पाडलेली भोकं बहुधा फार वर जातात. ती मोठ्यांनी कापावीत.

रंगाआधी पांढऱ्या रंगाचा हात द्या, नाहीतर छापील अक्षरं पिवळ्याखालून डोकावतात. पोस्टर रंग जाड लावला तर पोपडे सुटतात. दोन पातळ हात बरे.

इलॅस्टिकची भोकं कडेपासून दोन सेंटीमीटर आत, कानाच्या रेषेत पाडा. आतून आधी टेप लावा, म्हणजे ओढल्यावर कागद फाटत नाही.