मिठाचा जमाखर्च

पेशाने मी हिशेबतपासनीस. आई-वडील दोघांनाही बीपी, त्यामुळे एक दिवस तो माझ्याही दारात येणार हे धरूनच मी स्वयंपाकघराकडे बघते. ‘मीठ कमी खा’ हा सल्ला सगळ्यांना पाठ असतो. पण कमी म्हणजे किती, आणि सध्या किती खाताय, असं विचारलं की समोरचा गप्प होतो. ज्याची नोंदच नाही ते कमी कसं करणार? म्हणून माझी सुरुवात वजनकाट्यापासून.

मिठाची एकच बरणी ठेवा. भरलेल्या बरणीचं वजन करून तारखेसकट लिहून ठेवा. पुढचा आठवडाभर नेहमीसारखाच स्वयंपाक करा, हात आखडू नका, नाहीतर खरा आकडा कळणारच नाही. मात्र घरातलं सगळं मीठ त्याच बरणीतून जायला हवं, टेबलावरची मीठदाणीसुद्धा त्यातूनच भरायची. आठवड्याने पुन्हा वजन करा. जो फरक येईल त्याला घरातल्या माणसांच्या संख्येने भागा, मग सातने भागा.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे जेमतेम एक छोटा सपाट चमचा. जगाची सरासरी याच्या दुपटीहून जास्त आहे. शिवाय या ५ ग्रॅममध्ये पाव, चीज, बिस्किटं, सॉस, पाकिटातलं सूप असं सगळं आलं. त्यामुळे बरणीच्या खात्यावर मी माणशी ३ ग्रॅमच टाकते. चार माणसं, सात दिवस, ८४ ग्रॅम. तेवढंच मीठ आठवड्याच्या सुरुवातीला बरणीत भरायचं. आठवड्याच्या मध्यालाच तळ दिसायला लागला, तर गडबड कुठे आहे ते शोधायचं.

या आकड्यावर एका झटक्यात उतरू नका. अळणी जेवणाने घरात बंड होतं आणि मीठदाणी दुप्पट वेगाने रिकामी होते. दर आठवड्याला साधारण दहावा हिस्सा काढा. जिभेला काही आठवड्यांत सवय होते, आणि मग पूर्वीचंच जेवण खारट लागू लागतं. घरच्यांना आधी सांगायचं की नाही हे तुम्ही ठरवा. मी सांगत नाही. सांगितलं की माझ्या नवऱ्याला न बदललेली भाजीसुद्धा अळणी लागते.

चव राखायचे दोन उपाय खरंच चालतात. एक, आंबट वाढवा. लिंबाच्या चार थेंबांनी कमी मीठही पुरेसं वाटतं. दोन, मीठ शिजताना घालण्यापेक्षा उतरवताना घाला. पदार्थाच्या पृष्ठभागावरचं मीठ जिभेला आधी भेटतं, आत मुरलेलं तेवढं जाणवत नाही. लसूण, मिरी, भाजलेलं जिरं हे आहेच.

आता बरणीबाहेरचं मीठ. पाकिटावर ‘मीठ’ नव्हे, ‘सोडियम’ लिहिलेलं असलं तर आकड्याला २.५ने गुणा. ६०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे दीड ग्रॅम मीठ. आणि तो आकडा कशाचा आहे हेही बघा, १०० ग्रॅमचा, की उत्पादकाने ठरवलेल्या एका चिमुकल्या वाढपाचा? तुलना नेहमी १०० ग्रॅमवर करायची. तिथे ६०० मिलिग्रॅमच्या वर सोडियम असलेली वस्तू मी परत फळीवर ठेवते, १२०च्या आतली बिनधास्त घेते. पाव खारट लागत नाही, पण रोज खाल्ला जातो, म्हणून त्याचं लेबल आधी वाचा. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात साधारण ९०० मिलिग्रॅम सोडियम असतं, म्हणजे दिवसाचा निम्मा हिशेब तिथेच संपला. डब्यातली कडधान्यं पाण्याखाली नीट धुऊन घेतली की बरंचसं सोडियम वाहून जातं. खाण्याचा सोडा आणि पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्या यांतही सोडियम असतं; रोज गोळी घेणाऱ्यांच्या हे ध्यानातही येत नाही. गुलाबी, काळं, समुद्री अशी महागडी मिठं घेऊन सुटका होत नाही, तीही बहुतांश सोडियम क्लोराइडच. साधं आयोडीनयुक्त मीठ घ्या आणि कमी घ्या.

ही झाली खर्चाची बाजू. जमेकडे लोक बघतच नाहीत, आणि खरी गंमत तिथेच आहे. सोडियम वाढलं की शरीर पाणी धरून ठेवतं, रक्ताचं आकारमान वाढतं आणि दाब चढतो. पोटॅशियम याच्या उलट काम करतं: मूत्रपिंडांना सोडियम बाहेर टाकायला लावतं आणि रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल करतं. १९९७ साली अमेरिकेतल्या ‘डॅश’ नावाच्या, आहाराने बीपी उतरतो का हे पाहणाऱ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ४५९ प्रौढांना ठरवून दिलेलं जेवण होतं, मीठ सगळ्यांना जवळपास सारखं, वजनही घटू दिलं नव्हतं. तरी फळं, भाज्या आणि कमी स्निग्धांशाचं दूध-दही भरपूर असलेल्या आहाराने बीपीचा वरचा आकडा नेहमीच्या आहारापेक्षा सरासरी ५.५ ने जास्त उतरला. ज्यांना आधीच उच्च रक्तदाब होता त्यांच्यात ११.४ ने. मिठाला हात न लावता!

तेव्हा ताटाची रचना बदला. अर्धं ताट भाज्या आणि फळं, पाव ताट डाळी-कडधान्यं, मासे किंवा तसंच काही, उरलेल्यात न पॉलिश केलेलं धान्य. केळ्याचं नाव सगळे घेतात, त्यात ४०० मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं; पण सालासकट भाजलेला मोठा बटाटा किंवा वाटीभर शिजवलेला राजमा त्याच्या पुढे जातो. बटाटा सोलून, उकळून पाणी ओतून दिलंत, तर पोटॅशियमही मोरीत गेलं. मधल्या भुकेला खारवलेले नकोत, साधे अक्रोड-बदाम मूठभर.

एक सूचना मात्र ठळक अक्षरांत वाचा. मूत्रपिंडाचा विकार असेल, किंवा बीपीच्या अशा गोळ्या चालू असतील ज्यांनी शरीरात पोटॅशियम साठतं (‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ने संपणारी नावं, आणि स्पायरोनोलॅक्टोन), तर पोटॅशियम वाढवण्याआधी डॉक्टरांना विचाराच. ‘कमी सोडियमचं मीठ’ म्हणून मिळणाऱ्या पाकिटात साध्या मिठाच्या काही भागाऐवजी बहुधा पोटॅशियम क्लोराइड असतं. धडधाकट माणसाला ते उपयोगी, पण अशा रुग्णाच्या हृदयाचे ठोके त्याने बिघडू शकतात.

बाकीचं थोडक्यात. दारूने दाब वाढतो, जितकी कमी तितकी बरी. वजन जास्त असेल तर उतरलेल्या दर किलोमागे साधारण एक अंक उतरतो. आणि खोकल्यासाठी सतत ज्येष्ठमध चघळण्याची सवय असेल तर सोडा. त्यातल्या ग्लिसिरायझिनने पोटॅशियम घटतं आणि बीपी चढतो.

हिशेब जुळतोय का ते मशीनवर बघा. चहा-कॉफी आणि जेवणानंतर अर्धा तास जाऊ द्या, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसा, हात हृदयाच्या उंचीवर. मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे बरणीच्या वहीतच लिहा. गोळ्या चालू असतील आणि आकडे खाली येऊ लागले, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. डोस कमी करायचा की नाही हे त्यांनी ठरवायचं.