मांजर फरशीवर बूड घासू लागले तर काय पाहावे आणि काय करावे

मांजर जमिनीवर बसते, मागचे दोन्ही पाय पुढे काढते, शेपूट वर धरते आणि पुढच्या पायांच्या जोरावर स्वतःला ओढत दोन-तीन फूट सरकते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा खेळ वाटतो आणि घरातली मुले हसतातही, पण मांजर हे खेळ म्हणून करीत नाही. शेपटीखाली खाज, आग किंवा ठणका असला, किंवा तिथे काही चिकटले असले, आणि चाटूनही बरे वाटले नाही, की ते तो भाग जमिनीवर घासते. कुत्र्यांमध्ये ही गोष्ट पुष्कळदा दिसते, मांजरांमध्ये त्या मानाने कमी. म्हणूनच मांजराने ती केली तर तिची दखल लवकर घ्यावी, असे मला वाटते.

शी करून आल्यावर एखाद्या वेळी मांजराने बूड घासले आणि मग ते निवांत अंग चाटत बसले, तर बहुधा काही चिकटले होते आणि ते निघून गेले, असे समजायला हरकत नाही. मात्र एकाच दिवसात दोन-तीनदा किंवा लागोपाठ काही दिवस तेच दिसले, किंवा मांजर सारखे मागे वळून शेपटीखाली चाटू लागले, तर कारण शोधले पाहिजे. औषधाच्या दुकानात जाऊन जंताची गोळी मागण्यापूर्वी पाच मिनिटे नीट निरीक्षण करावे. त्या पाच मिनिटांत निम्मे उत्तर मिळते आणि डॉक्टरांना सांगण्यासारखे काहीतरी हाती लागते.

पाहायचे कसे

मांजर जेवून सुस्तावलेले असेल अशी वेळ निवडावी. घरात दोन माणसे असतील तर एकाने मांजराला पंचात किंवा जुन्या टॉवेलात सैलसर गुंडाळून मांडीवर घ्यावे आणि त्याचे डोके स्वतःच्या कुशीकडे ठेवावे. दुसऱ्याने शेपटीच्या मुळाशी हात धरून ती अलगद वर उचलावी आणि मोबाइलच्या टॉर्चच्या उजेडात पाहावे. शेपूट टोकाला धरून ओढू नये. मांजर गुरगुरू लागले किंवा हात लावताच ओरडले तर तिथेच थांबावे, कारण दुखणाऱ्या जागी हात गेला की शांत मांजरही चावते आणि मांजराचा चावा खोल जाऊन पिकतो.

निरोगी मांजराचे गुदद्वार स्वच्छ आणि कोरडे असते व भोवतालची कातडी दोन्ही बाजूंना सारखी दिसते. लाली, ओलसरपणा, एका बाजूला फुगवटा, केसांत वाळलेली शी, तांदळासारखे पांढरे कण, बारीकशी जखम यांपैकी काय दिसते ते लक्षात ठेवावे आणि जमल्यास फोटो काढावा. त्यानंतर मांजर झोपते ती जागा आणि शीचा ट्रे पाहावा. शी पातळ आहे की खड्यासारखी कोरडी, तिच्यावर रक्ताचा किंवा शेंबडासारखा थर आहे का, तिच्यात काही हलते आहे का, हे ट्रे साफ करणाऱ्यालाच ठाऊक असते. म्हणून घरात हे काम ज्याच्याकडे असेल त्याला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

तांदळाचे दाणे

आमच्या सोनीच्या बाबतीत उत्तर गोधडीवर सापडले. पावसाळ्यातले दिवस होते. ती रोज ज्या गोधडीवर झोपायची तिच्या घडीत आईला चार-पाच पिवळसर दाणे दिसले आणि तिला वाटले, मुलांनी भात सांडला आणि तो वाळला. तिने ते झटकूनही टाकले. दुसऱ्या दिवशी सोनीच्या शेपटीखालच्या केसांत तसाच एक दाणा होता, पण तो ओला, दुधासारखा पांढरा आणि चपटा होता, आणि माझ्या डोळ्यांदेखत आखडून पुन्हा लांब झाला. तो पट्टकृमीचा तुकडा होता. हा जंत आतड्यात फितीसारखा वाढतो आणि त्याच्या शेपटाकडचे अंड्यांनी भरलेले तुकडे सुटून एकेक करून बाहेर येतात. ते गुदद्वाराशी वळवळतात, खाज सुटते आणि मांजर बूड घासते. वाळले की ते तांदळाच्या कणीसारखे किंवा तिळासारखे दिसतात.

या जंताचे नाव डिपिलिडियम, आणि तो मांजराला पिसवांमुळे होतो. पिसवेची अळी जमिनीवर, गोधडीत, सोफ्याच्या फटीत पडलेली जंताची अंडी खाते. ती मोठी होऊन पिसू झाली की जंताचे पिल्लू तिच्या पोटात तयार असते. मांजर अंग चाटताना ती पिसू गिळते आणि दोन-तीन आठवड्यांत नवे तुकडे बाहेर पडू लागतात. त्यामुळे खिडकीबाहेर पाऊल न टाकलेल्या, बाराव्या मजल्यावरच्या मांजरालाही हा जंत होऊ शकतो. आपल्या पँटच्या पायाला लागून किंवा शेजारच्या कुत्र्यामार्फत एक पिसू घरात आली तरी पुरते. पट्टकृमीचाच दुसरा एक प्रकार उंदीर खाल्ल्याने होतो, आणि मुंबईत तळमजल्यावर राहणाऱ्या मांजरांना उंदरांची वाण नाही.

दाणे सापडले तर एक-दोन लहानशा डबीत ठेवून डॉक्टरांना दाखवावेत. शी तपासली तरी हा जंत पुष्कळदा सापडत नाही, कारण त्याची अंडी तुकड्याच्या आत बांधलेली असतात. तुकडा हाच खरा पुरावा. यावर प्रॅझिक्वांटेल हे औषध चालते. लहान पिल्लांना गोल जंतांसाठी जे पायरँटेल देतात त्याचा या जंतावर उपयोग होत नाही, आणि 'जंताचे औषध दिले तरी दाणे दिसतात' या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असते. मात्रा मांजराच्या वजनावर ठरते, म्हणून मांजराला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभे राहावे आणि त्यातून स्वतःचे वजन वजा करून आकडा लिहून न्यावा.

औषधाने जंत मरतो, पण घरात पिसवा राहिल्या तर महिन्याभरात सारे पुन्हा सुरू होते. पिसवा आहेत का हे पाहण्यासाठी मांजराच्या पाठीवर, शेपटीच्या मुळाशी बारीक दातांची फणी फिरवावी आणि निघालेली काळी पूड ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवावी. तिच्याभोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त आहे. मुंबईची उबदार, दमट हवा पिसवांना बारा महिने मानवते आणि पावसाळ्यात तर विशेषच. अंगावर दिसणाऱ्या पिसवा थोड्या असतात. अंडी, अळ्या आणि कोष सतरंजीत, गाद्यांच्या शिवणीत, दिवाणाखालच्या धुळीत असतात, आणि कोषातली पिसू कित्येक आठवडे तशीच थांबू शकते. म्हणून मांजराचे अंथरूण गरम पाण्यात धुवावे, घरभर व्हॅक्यूम फिरवून त्यातली धूळ लगेच घराबाहेर टाकावी, आणि पिसवांचे औषध घरातल्या सर्व कुत्र्या-मांजरांना एकाच वेळी, डॉक्टर सांगतील त्या अंतराने, निदान तीन महिने चालू ठेवावे.

इथे एक गोष्ट मी अगदी कळकळीने सांगतो. कुत्र्यांसाठीची पिसवांची औषधे मांजराला कधीही लावू नयेत. त्यांतल्या अनेकांत पर्मेथ्रिन असते आणि ते मांजराला थरथर, झटके आणून मारू शकते. मला स्वतःला एका दुकानात 'लहान कुत्र्याचे आहे, निम्मे लावा' असे सांगून अशी ट्यूब देण्यात आली होती. वेष्टन वाचले म्हणून सोनी वाचली.

घरात रांगणारे मूल असेल तर आई-वडील घाबरतात. हा जंत माणसाला होतो, पण पिसू गिळली तरच. दाण्याला हात लागल्याने होत नाही. पिसवा घालवल्या की ती काळजीही मिटते.

गुदग्रंथी

गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना कातडीखाली वाटाण्याहून लहान अशा दोन पिशव्या असतात. गुदद्वाराला घड्याळाची तबकडी मानले तर चार आणि आठ या आकड्यांच्या जागी. त्यांत उग्र वासाचा स्राव साठतो आणि शी बांधून झाली की तिच्या दाबाने थोडा थोडा बाहेर पडतो. शी बरेच दिवस पातळ राहिली किंवा मांजर फार लठ्ठ असले तर पिशवी नीट रिकामी होत नाही, स्राव घट्ट होतो, तोंड बंद होते आणि मांजर बूड घासू लागते. सडक्या मासळीसारखा वास हे याचे ओळखीचे लक्षण आहे. पुढे जंतुसंसर्ग झाला तर एका बाजूला लाल, दुखरा फुगवटा येतो आणि तो फुटला की गुदद्वाराशेजारी भोक पडून रक्त-पू वाहतो. पाहणाऱ्याला वाटते, कोणी बोका चावला.

ही पिशवी घरी दाबून रिकामी करण्याचा प्रयत्न करू नये. कुत्र्यांच्या बाबतीत काही मालक ते शिकून घेतात. मांजराच्या ग्रंथी लहान आणि त्यांची तोंडे अगदी बारीक असतात, आणि आत पू असताना दाबले तर पिशवी आतल्या आत फुटू शकते. डॉक्टर हे काम काही मिनिटांत करतात, आणि गरज पडली तर भूल देऊन.

केस, पोट आणि फरशी

हल्ली मुंबईच्या घरांत पर्शियन मांजरे बरीच दिसतात. त्यांच्या मांड्यांवरच्या लांब केसांत शी अडकते, वाळते, कातडी ओढली जाते आणि मांजर घासत फिरते. कोमट पाण्यात भिजवलेल्या कापडाने ती सावकाश सोडवावी व नंतर जागा कोरडी करावी. गुंता झाला असेल तर कात्री चालवू नये. मांजराची कातडी पातळ असते आणि ती गुंत्याबरोबर वर ओढली जाऊन कापली जाते. ट्रिमरने तेवढा भाग बारीक ठेवला की प्रश्न बहुतांशी सुटतो. म्हातारे किंवा लठ्ठ मांजर स्वतःच्या शेपटीखाली पोहोचू शकत नाही, त्याचा तो भाग आपणच रोज पुसून द्यावा.

पातळ शीचे एक कारण आपल्या प्रेमातच असते, आणि ते म्हणजे दूध. मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दुधातली साखर पचत नाही. उरलेल्या दुधाची वाटी बंद केल्यावर आठवड्यात शी बांधून येते, असा अनुभव अनेकांना येईल. उलट कडक शीसाठी पाणी वाढवावे. दोन-तीन ठिकाणी रुंद भांडी ठेवावीत आणि कोरड्या खाण्यासोबत ओले खाणेही द्यावे.

फरशी पुसण्याचे द्रव्य बदलल्यावर घासणे सुरू झाले का, हेही आठवून पाहावे. फिनेलसारख्या फिनॉलयुक्त द्रव्यांनी कातडीची आग होतेच, शिवाय मांजर पंजे चाटते आणि त्याच्या यकृताला फिनॉल पेलत नाही. मांजर असलेल्या घरात अशी द्रव्ये वापरूच नयेत. त्याच कारणाने डेटॉल, टी ट्री तेल किंवा घरातले मलम शेपटीखाली लावू नये, आणि दुखते म्हणून पॅरासिटामॉल तर कधीही देऊ नये. त्याची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते.

गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला, गजऱ्याचा असो वा संक्रांतीच्या मांज्याचा, तर तो ओढू नये. त्याचे दुसरे टोक आतड्यात अडकलेले असेल तर ओढल्याने आतडे चिरले जाते. कापूही नये, तसेच दवाखाना गाठावा.

चुकीची समजूत कुठे होते

माजावर आलेली मांजरी जमिनीवर लोळते, छाती टेकवते, बूड उंचावते आणि रात्रभर ओरडते. हे घासणे नव्हे. तिच्या शेपटीखाली काही सापडणार नाही आणि नसबंदी केल्यावर ते थांबते.

दुसरी चूक जिवावर बेतते. बोका ट्रेमध्ये वारंवार जाऊन बसतो, कुंथतो, मागचा भाग चाटतो, आणि घरचे म्हणतात, त्याला बद्धकोष्ठ झाले. पुष्कळदा त्याची शू अडलेली असते. ट्रेमध्ये शूचा ओला गोळा दिसत नसेल किंवा थेंबच पडत असतील तर सकाळची वाट पाहू नये. एक-दोन दिवसांत असा बोका दगावतो. त्याच्या पोटाला तेल चोळत बसण्यात वेळ घालवू नये.

डॉक्टरांकडे जाताना

फुगवटा, रक्त किंवा पू, शी-शू बंद होणे, खाणे सोडणे यांपैकी काही असेल तर त्याच दिवशी जावे. एरवी दोन-तीन दिवसांत गेले तरी चालते. मुंबईत जवळचा खासगी डॉक्टर नसेल तर परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आणि १८८६ साली स्थापन झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. घासण्याचा व्हिडिओ, दाण्याची डबी, आधी दिलेल्या औषधाचे वेष्टन आणि वजनाचा आकडा सोबत न्यावा, कारण अनोळखी खोलीत मांजर टेबलाला चिकटून बसते आणि घरी केलेले काहीही करून दाखवत नाही. रिक्षातून नेताना पिंजऱ्यावर ओढणी टाकावी.

उपचारानंतर घासणे साधारणपणे काही दिवसांत कमी होते. जंत सापडला असेल तर तिसऱ्या आठवड्यात अंथरूण पुन्हा उलगडून पाहावे. आम्ही सोनीला तेव्हापासून गडद निळ्या चादरीवर झोपवतो. पांढरा दाणा त्यावर लगेच दिसतो.