ड्रायव्हरमध्ये घरची प्रॉपर्टी काढताय? या चुका टाळा

वडोदऱ्यात मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) आम्ही मशीनची कंट्रोल पॅनल्स बनवतो. आत लिनक्सचा बोर्ड असतो. बोर्डावर कोणती चिप कुठे, कशी जोडली आहे, हे लिनक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला सांगणारं वर्णन म्हणजे डिव्हाइस ट्री; त्यातली एकेक नोंद म्हणजे प्रॉपर्टी, आणि ती वाचून चिप चालवणारा कोड म्हणजे ड्रायव्हर. या डिव्हाइस ट्रीमध्ये मी एकदा ‘फ्लिप’ नावाची घरगुती प्रॉपर्टी घुसवली: टचस्क्रीन कशी बसवली आहे त्याप्रमाणे ० ते ७ आकडा. ‘५’ म्हणजे काय, ते मॉनिटरला चिकटवलेल्या चिठ्ठीवर होतं. चिठ्ठी उन्हाळ्यात गळून पडली. पुढच्या पॅनलवर ‘चालू’ दाबलं की ‘बंद’ होई. फिटरकाका म्हणाले, “अहो, ह्याला डावं-उजवं कळत नाही काय?”

कर्नलमध्ये हे सगळं आधीच आहे: ‘टचस्क्रीन-इनव्हर्टेड-एक्स’, ‘टचस्क्रीन-इनव्हर्टेड-वाय’ आणि ‘टचस्क्रीन-स्वॅप्ड-एक्स-वाय’. प्रोबमध्ये (ड्रायव्हर चिपशी जोडला जाताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये) ‘टचस्क्रीन_पार्स_प्रॉपर्टीज’ बोलवायचं, बोटाची जागा ‘टचस्क्रीन_रिपोर्ट_पॉस’ने पाठवायची, झालं. फक्त क्रम ध्यानात ठेवा. आधी अक्ष उलटतो, मग अदलाबदल होते. म्हणजे ‘इनव्हर्टेड-एक्स’ हा सेन्सरचा एक्स, डोळ्यांना दिसणारा नव्हे. स्वॅप लावल्यावर स्क्रीनवर डावं-उजवं उलटं येत असेल, तर वाय उलटवा. माझी यात एक दुपार गेली.

रिसेट पिन उलटी आहे म्हणून ‘रिसेट-इनव्हर्टेड’ असलं काही काढू नका. रिसेटची पिन सांगणाऱ्या तयार ‘रिसेट-जीपीआयओज’मध्येच अ‍ॅक्टिव्ह-लो (पिनवरचं व्होल्टेज खाली असताना लागू) हा फ्लॅग द्या. मग कोडमध्ये १ म्हणजे रिसेट लागू, ० म्हणजे चिप मोकळी. व्होल्टेजचा विचारच नको. फ्लॅग देऊन कोडमध्येही उलटवलं, तर चिप रिसेटमध्येच अडकते आणि आपण आय-टू-सीच्या (चिपशी बोलायच्या दोन तारांच्या) पुल-अप रेझिस्टरवर संशय घेत बसतो.

तयार प्रॉपर्टी वापरली तरी एकक तपासाच. डिबाउन्स म्हणजे बटण दाबताना होणारी थरथर जिरेपर्यंत थांबायचा वेळ. जीपीआयओ-कीज या बटणांच्या ड्रायव्हरमधलं ‘डिबाउन्स-इंटरव्हल’ मिलिसेकंदांत असतं (दिलं नाही तर ५), पिनांची जुळणी करणाऱ्या पिनकंट्रोलमधलं ‘इनपुट-डिबाउन्स’ मायक्रोसेकंदांत. इकडचे २० तिकडे चिकटवले की बटण एकदा दाबून दोनदा लागतं. ‘ड्राइव्ह-स्ट्रेंग्थ’ (पिनने किती करंट द्यायचा) मिलिअँपिअरमध्ये द्यायची; डेटाशीटमधला रजिस्टर कोड तिथे ओतायचा नाही, ते रूपांतर ड्रायव्हरचं काम.

स्पेलिंग चुकलं तर बूट होताना सहसा कोणी ओरडत नाही. वैकल्पिक प्रॉपर्टी सापडली नाही की ड्रायव्हर गुपचूप डिफॉल्ट धरतो. ‘मेक डीटीबीएस_चेक’ चालवा. बाइंडिंगचा यॅमल स्कीमा (त्या चिपला कोणत्या प्रॉपर्टी चालतात याची नियमांची फाइल) नीट असेल तर चूक तिथेच पकडली जाते.

खरोखर त्या एकाच चिपची खोड असेल तर स्वतंत्र प्रॉपर्टी जरूर काढा. पुढे उत्पादकाचा प्रीफिक्स आणि स्वल्पविराम, आकडा असेल तर शेवटी एकक. मात्र एकदा माल बाहेर गेला की ती प्रॉपर्टी गळ्यात पडते. माझ्या ड्रायव्हरमध्ये ‘फ्लिप’ वाचणारा तुकडा अजून आहे, कारण हालोलला जुन्या डीटीबीची (कंपाइल केलेल्या डिव्हाइस ट्रीची) पॅनल्स चालू आहेत आणि नवा कर्नल त्यांच्यावरही चढतो.