टीबी प्रतिबंधक गोळ्या अर्ध्यावर सुटतात, कारण आपण आधी बोलत नाही: या चुका टाळा

घरात सासऱ्यांना फुप्फुसाचा टीबी निघतो, त्यांची औषधं सुरू होतात. मग त्याच घरातल्या धडधाकट सुनेच्या हातात आपण आरोग्य कर्मचारी टीबी होऊ नये म्हणून गोळ्या ठेवतो. "पण मला काय झालंय?" ती विचारते. या प्रश्नाला बसून उत्तर दिलं नाही, तर तो उपचार पुरा होण्याची आशा कमीच. गोव्यातलं पेडणे असो की सत्तरी, गोळ्या सोडणाऱ्यांना हट्टी म्हणणं मला पटत नाही. पुढे काय होणार हे त्यांना कुणी आधी सांगितलेलंच नसतं.

"तुम्हाला टीबी आहे" असं म्हणू नका

जंतू शरीरात आहेत, पण झोपलेले आहेत. तिच्यापासून कुणाला काही लागत नाही. वेगळं ताट नको, वेगळं अंथरूण नको. मात्र अशा 100 जणांपैकी 5 ते 10 जणांना आयुष्यात कधीतरी आजार होतो आणि सर्वांत जास्त धोका पहिल्या दोन वर्षांत असतो. म्हणून गोळ्या आत्ता. हे सासूच्या आणि नवऱ्याच्या समोर सांगा, कारण गोळ्या चालू ठेवायच्या की नाही हे बऱ्याचदा तेच ठरवतात.

उलट चूक त्याहून गंभीर. खोकला, ताप, रात्रीचा घाम किंवा वजनातली घट असताना या गोळ्या सुरू करू नयेत. आधी तपासणी, एक्स-रे. खरा टीबी असेल तर एवढ्या औषधांनी तो बरा होत नाही आणि जंतू औषधाला दाद देईनासे होऊ शकतात.

चुकलेला डोस

या गोळ्यांत दोन औषधं येतात, आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन. नुसती आयसोनियाझिड रोज घ्यायची तर 6 महिने. दोन्ही एकत्र असतील तर आठवड्यातून एकदा, असे 12 डोस. आठवड्याचा डोस सोपा वाटतो, पण विसरायलाही सोपा. म्हणून त्याला एखादा ठरलेला वार जोडून द्या. म्हापशाकडच्या घरात शुक्रवार, बाजाराचा दिवस. शुक्रवारचा डोस राहिला आणि शनिवार-रविवारी आठवला, तर लगेच घ्यायचा आणि पुढचा नेहमीप्रमाणे शुक्रवारीच. त्यानंतर, समजा सोमवारी, आठवला तर तेव्हा घ्यायचा आणि पुढे सोमवार धरायचा. दोन डोसांत चार दिवसांपेक्षा कमी अंतर नको आणि दोन डोस एकदम कधीच नकोत. सगळे 12 डोस 16 आठवड्यांच्या आत व्हायला हवेत. चार किंवा अधिक चुकले तर डॉक्टरांना विचारा, कदाचित पहिल्यापासून सुरू करावं लागेल.

लाल लघवी आणि बांगडा

रिफापेंटिनने लघवी, घाम, अश्रू नारिंगी-लाल होतात. हे निरुपद्रवी आहे, पण न सांगता दिसलं तर माणूस घाबरून गोळ्या बंद करतो. पहिल्या डोसाआधीच सांगा. त्याच वेळी खरी धोक्याची खूणही सांगा: भूक मरणं, सतत मळमळ किंवा उलट्या, डोळे पिवळे, लघवी गडद चहाच्या रंगाची. यांतलं काही दिसलं तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी आरोग्य केंद्रात. हातापायांना मुंग्या येत असतील तर बी-6 जीवनसत्त्वाबद्दल विचारा.

गोव्यात आणखी एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. बांगडा, कुपा (ट्यूना) यांसारखी मासळी नीट बर्फात राहिली नाही तर तिच्यात हिस्टामिन हे ॲलर्जीसारखा त्रास देणारं रसायन वाढतं. ते शिजवल्याने जात नाही आणि आयसोनियाझिड शरीरात त्याचा निचरा होऊ देत नाही. मग जेवल्यावर काही जणांचा चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, छातीत धडधडतं आणि दोष गोळीच्या माथी जातो. मासे सोडा असं म्हणू नका, ते कोण ऐकणार? ताजेच खा म्हणावं. उपचार संपेपर्यंत बांगडा आणि कुपा टाळता आले तर उत्तमच. असा त्रास झालाच तर त्या दिवशी काय खाल्लं होतं हे आधी विचारा.

जे रुग्ण आपणहून सांगत नाहीत

दारू. उर्राकाच्या, म्हणजे काजूच्या हंगामी दारूच्या, दिवसांत तर नक्की विचारा, पण रागावून नको. रागावलात की पुढच्या वेळी खरं उत्तर मिळणार नाही. यकृतावर आधीच औषधाचा भार असतो, एवढं समजावा. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बाईला एकटीला गाठून सांगा, की रिफापेंटिनमुळे त्यांचा भरवसा राहत नाही, दुसरं साधन वापरावं लागेल. गरोदर असेल तर रिफापेंटिन देत नाहीत. रक्त पातळ करणारी, मधुमेहाची, एचआयव्हीची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना आधी दाखवा. ॲसिडिटीचं औषध गोळीबरोबरच घेऊ नये, तासाभराने घ्यावं.

गाव बदलणारे

1 जूनला मासेमारी बंद होते आणि ट्रॉलरवरचे बरेच कामगार आपापल्या गावी जातात. हॉटेलांतले कामगारही हंगाम संपला की निघतात. "कुठे जाणार, कधी येणार?" हे मे महिन्यातच विचारून ठेवा. त्यांचा निक्षय क्रमांक (सरकारी टीबी नोंदणीतला क्रमांक) कागदावर लिहून द्या, शक्य असेल तर उरलेल्या गोळ्या बरोबर द्या आणि 1800-11-6666 हा मोफत मदतीचा नंबर त्यांच्या मोबाईलमध्ये तुमच्यासमोरच साठवून घ्या.