समुद्रतळाचा अभ्यास करायचाय? जहाज नंतर, आधी डेटा

समुद्राखालच्या ज्वालामुखींवर काम करायचंय म्हटलं की पहिला प्रश्न येतो जहाजावर कधी जायला मिळेल. मी म्हणेन आधी बसल्या जागी डेटा हाताळा. अमेरिकन भूवैज्ञानिक आणि नकाशाकार मेरी थार्पला 1950 च्या दशकात बाई म्हणून संशोधन जहाजावर जाऊ देत नव्हते, तरी दुसऱ्यांनी मोजून आणलेल्या खोलीच्या आकड्यांवरून हाताने आलेख काढत काढत तिने अटलांटिकच्या मधल्या पर्वतरांगेतली खचदरी शोधली.

पदवी फिजिक्स, गणित, जिऑलॉजी कुठलीही चालते, फक्त लाटांचं गणित आणि पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा टाळू नका.

मग जेबकोचा ग्रिड, म्हणजे जगभरच्या समुद्राच्या खोलीचा चौकटी-चौकटींचा नकाशा, डाउनलोड करा, फुकट आहे, क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतो. त्यांचाच टीआयडी नावाचा दुसरा ग्रिड मिळतो, तो नक्की घ्या, कारण कुठली खोली सोनारने, म्हणजे आवाजाच्या प्रतिध्वनीने, खरंच मोजलीय आणि कुठली उपग्रहाच्या मापांवरून अंदाजाने भरलीय ते त्यातच कळतं. अंदाजाच्या भागात सुळका दिसला म्हणून लगेच ज्वालामुखी सापडला असं समजू नका.

नंतर मल्टीबीमचा, म्हणजे एकाच वेळी अनेक दिशांच्या बीमनी खोली मोजणाऱ्या सोनारचा, कच्चा डेटा घ्या आणि एमबी-सिस्टिम या सॉफ्टवेअरमध्ये चुकीची मापं काढून साफ करायला बसा. हे काम कंटाळवाणं वाटतं पण माणूस इथेच घडतो, खरंच. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण 1500 मीटर जातो, म्हणजे 3000 मीटर खोलीवरून प्रतिध्वनी यायला 4 सेकंद लागतात, आणि हा वेग तापमान, क्षारता, दाब यांनी बदलतो, त्यात 1 टक्का चुकलात तरी खोली 30 मीटरने चुकली. कडेच्या बीमना तर आणखी फटका बसतो, सपाट तळ दोन्ही कडांना वर उचललेला किंवा खाली झुकलेला दिसतो. असा उंचवटा जहाजाच्या मार्गाला समांतर धावत असेल तर तो तळ नाही, तुमची चूक आहे.

हे जमलं की दोन काळांचे नकाशे एकमेकांतून वजा करा. माझ्या मते या क्षेत्रातली सगळ्यात सुंदर युक्ती हीच. ईशान्य पॅसिफिकमधला ॲक्सियल सीमाउंट हा समुद्राखालचा ज्वालामुखी 1998, 2011 आणि 2015 मध्ये फुटला, उद्रेकाआधीच्या आणि नंतरच्या नकाशांच्या वजाबाकीतून नवा लाव्हा कुठे किती जाड साचला ते दिसतं. पण दोन्ही सर्व्हेंची मिळून चूक 10 मीटर असेल तर 5 मीटरचा लाव्हा दिसणारच नाही, म्हणून साफसफाईवर एवढा जोर देतोय. तिथे तळावर दाबमापकही ठेवलेत, मॅग्मा भरला की तळ फुगतो, वरचं पाणी कमी होऊन दाब घटतो, आणि त्यावरूनच चॅडविक आणि नूनर या शास्त्रज्ञांनी 2015 च्या उद्रेकाचा अंदाज आधीच दिला होता.

आता जहाज. मोहीमप्रमुखाला नुसता अर्ज पाठवू नका, स्वतः साफ केलेला एक नकाशा जोडा आणि वॉच, म्हणजे पाळीने उपकरणांवर लक्ष ठेवायची ड्यूटी, करायला तयार आहे असं स्पष्ट लिहा. वॉचवर लॉगमध्ये प्रत्येक नोंद यूटीसी या जागतिक प्रमाण वेळेतच करा, वेग बदलला, वळण घेतलं, सोनार अडकला, सगळं, कारण सहा महिन्यांनी डेटा साफ करताना ती एक ओळच कामी येते.