वय झालं म्हणून, हट्टी आहे म्हणून: आजी-आजोबा आणि नातवंडांबाबत या चुका टाळा

आजी काहीबाही बोलायला लागली की घरात ठरतं, वय झालं. नातू बोलत नाही किंवा शाळेत जायला रडतो, की ठरतं, हट्टी आहे, बापावर गेलाय. एकदा हे ठरलं की मग कोणी नीट बघत नाही, आणि आठ दिवसांत आटोक्यात आलं असतं त्या दुखण्याला आठ महिने लागतात. गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत या चुका जवळजवळ सारख्याच असतात. त्यातल्या बऱ्याचशा एका प्रश्नाने टळतात: हा बदल कधीपासून आणि किती वेगाने आला?

म्हाताऱ्या माणसात काही तासांत किंवा दोन-चार दिवसांत आलेला गोंधळ हे शरीराचं दुखणं आहे असंच धरून चालावं. काही आठवड्यांत आलेली मरगळ नैराश्याची असू शकते. महिने-वर्षं हळूहळू वाढत गेलेला विसर असेल तर स्मृतिभ्रंशाची शंका घ्यावी. मुलांचंही तसंच आहे. बोलणं सुरुवातीपासून मागे आहे, येत होतं ते गेलं, की एका ठराविक आठवड्यापासून पोट दुखायला लागलं, यावर पुढची वाट ठरते.

अचानक आलेला गोंधळ म्हातारचळ म्हणून सोडून देणं

ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. परवापर्यंत स्वतः देवपूजा करणारे आजोबा कालपासून भिंतीवर माणसं दिसतात म्हणतात, दिवसा पेंगतात, रात्री चादर ओढत बसतात आणि मध्येच अगदी शुद्धीवर असल्यासारखे बोलतात. हे मध्येच ठीक वाटणं घरच्यांना फसवतं. याला डॉक्टर डिलिरियम म्हणतात, आणि त्याच्यामागे बहुधा काहीतरी सापडतं: लघवीतला जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, रक्तातलं सोडियम उतरणं, साखर उतरणं, अंगातलं पाणी कमी होणं, आठवडाभर न झालेलं पोट, तुंबलेली लघवी, नवं औषध किंवा नुकतंच झालेलं ऑपरेशन. म्हाताऱ्या माणसाला संसर्गात ताप येईलच असं नाही, त्यामुळे ‘ताप नाही म्हणजे काही नाही’ हा हिशेब चालत नाही.

गोव्यात दोन गोष्टी हमखास घडतात. पहिली, रक्तदाबासाठी लघवी होण्याची गोळी चालू असते, वर कोणीतरी मीठ अगदी बंद करायला सांगतं, आणि एप्रिल-मे महिन्यात घामाच्या धारा लागतात. सोडियम उतरतं आणि माणूस भरकटल्यासारखा वागतो. दुसरी, पावसाळ्यात सर्दी-खोकल्याला फार्मसीतून परस्पर आणलेलं सिरप. त्यातलं क्लोरफेनिरामिनसारखं औषध तरुणाला फक्त गुंगी आणतं. सत्तरीतल्या माणसाचा त्याने गोंधळ उडू शकतो, आणि प्रोस्टेट वाढलेला असेल तर लघवीही अडते.

असं झालं तर पहिल्या अर्ध्या तासात हे करा. मधुमेह असेल तर घरच्या यंत्रावर साखर बघा. ती 70 च्या खाली असेल आणि माणूस शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. शेवटची लघवी कधी झाली, शौचाला किती दिवस झाले, गेल्या महिना-दोन महिन्यांत कुठे पडले होते का, हे आठवा. डोक्याला मार लागल्यावर आत हळूहळू साचणारं रक्त काही आठवड्यांनीही त्रास देतं. घरातल्या सगळ्या औषधांच्या पट्ट्या, अगदी आयुर्वेदिक आणि झोपेच्यासुद्धा, एका पिशवीत घाला आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला किंवा बोलणं अडखळलं तर थांबूच नका, थेट 108.

देवळात प्रसाद लावायचा, कौल घ्यायचा तर घ्यावा, त्यावर घरात भांडण नको. पण लघवी आणि रक्ताची तपासणी त्याच दिवशी झाली पाहिजे. बाधा समजून आठवडा घालवलेले रुग्ण हॉस्पिटलात पोचतात तेव्हा संसर्ग रक्तात गेलेला असू शकतो.

रुग्णालयात ठेवलं तर चष्मा आणि कानाचं यंत्र सोबत न्या. दिसलं-ऐकलं नाही की गोंधळ दुप्पट होतो.

विसराळू माणसाची परीक्षा घेणं

पाहुणे आले की आजीला विचारायचं, ‘हा कोण, सांग बघू?’ आजी हसून वेळ मारून नेते किंवा चिडते, आणि मग तिला माणसंच नकोशी होतात. नाव आठवत नाही हे तिला कळत असतं, लाज तेवढी वाटते. ओळख तिच्या हातात देऊन टाका: ‘आई, म्हापशाहून शांताचा मुलगा आलाय.’ झालं.

त्याआधी एक चूक वेगळीच. विसर म्हणजे अल्झायमर असं परस्पर ठरवणं. व्हिटॅमिन बी12 ची कमतरता, थायरॉइडचं काम मंदावणं, नैराश्य, झोपेच्या गोळ्या, कमी ऐकू येणं यांनीही स्मरण ढासळतं आणि त्यातलं पुष्कळसं सुधारता येतं. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचं, आणि कडक शाकाहारी माणसांचं, बी12 मुद्दाम तपासावं. कानात मळ आहे का बघणं ही सगळ्यांत स्वस्त तपासणी आहे आणि नेमकी तीच राहून जाते.

स्मृतिभ्रंश ठरलाच तर वाद घालणं सोडा. आजोबा वारून दहा वर्षं झाली तरी आजी त्यांची वाट बघत पडवीत बसते. प्रत्येक वेळी ‘ते गेले ना’ म्हटलं तर तिला ती बातमी दर वेळी नवीन असते, दर वेळी तेवढंच दुःख. त्यापेक्षा ‘आजोबांची आठवण येते का? त्यांना तुझ्या हातचं जेवण आवडायचं ना?’ अशी वाट काढा.

तिन्हीसांजेला अस्वस्थता वाढते. अंधार पडल्यावर नव्हे, त्याच्या तासभर आधी खोलीतले दिवे लावा. पावसाळ्यात आभाळ भरून आलं की दुपारीच लावा, आणि वीज जाते म्हणून बॅटरीवरचा दिवा जागेवर ठेवा. न्हाणीघराच्या वाटेवर रात्रभर मंद दिवा हवा. विहिरीला जाळी, फाटकाला नेहमीच्या उंचीपेक्षा वर किंवा खाली कडी, आणि खिशात फोन नंबरचा कागद. खोलीत कोंडून ठेवू नका. आग लागली, पडले, तर बाहेर येता येत नाही, आणि कोंडल्याने आक्रमकता वाढते.

अंघोळीला नकार हा सगळ्यांत मोठा रोजचा झगडा. कारण बहुधा थंडी, घसरण्याची भीती किंवा लाज असतं. न्हाणीत आधी गरम पाणी ओतून फरशी उबदार करा, रबरी पायांचं स्टूल ठेवा, अंगावर मोठा टॉवेल राहू द्या. पाणी पायांपासून वर घ्या, डोक्यावर शेवटी. एका वेळी एकच वाक्य: ‘आता हात पुढे कर.’ रोज अंघोळ हवीच असा हट्ट नको, मधल्या दिवशी ओल्या पंचाने अंग पुसलं तरी चालतं.

हातांची सवय मात्र खूप उशिरापर्यंत टिकते. नातवाचं नाव न आठवणारे आजोबा चवथीच्या आदल्या दिवशी माटोळीला (गणपतीवर बांधतात त्या फळा-पानांच्या मांडवीला) सुपारीचे शिंपुटे, म्हणजे घोस, बरोबर बांधतात, अंतर डोळ्यांनीच जोखतात. भजनातले टाळ चुकत नाहीत. हे काम त्यांच्याकडेच राहू द्या, आणि चूक झाली तरी समोर उसवून पुन्हा बांधू नका.

‘तुला काय कमी आहे?’

वयस्क माणसाचं नैराश्य बऱ्याचदा रडून दिसत नाही. अंग दुखतं, पोट साफ होत नाही, भूक नाही, पहाटे तीनला जाग येते आणि मग झोप नाही. डॉक्टरमागून डॉक्टर होतात, रिपोर्ट नॉर्मल. देवळातल्या भजनाला जाणं सुटलं, कपडे सैल झाले, पेपर वाचणं थांबलं (मोतीबिंदू नाही ना हे आधी बघून) आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललंय, तर मानसोपचार हवा. नैराश्याच्या गोळीचा पूर्ण गुण यायला साधारण सहा ते आठ आठवडे, कधी त्याहूनही जास्त लागतात. चौथ्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणून सोडणं ही नेहमीची चूक. उलट झोपेसाठी दिलेली अल्प्राझोलामसारखी गोळी वर्षानुवर्षं चालू राहते. तिने तोल जातो, स्मरण मंदावतं, आणि ती एकदम बंद केली तर झटकेही येऊ शकतात. कमी करायची ती डॉक्टरच्या हाताखाली, टप्प्याटप्प्याने.

गोव्यातच झालेला एक अभ्यास इथे फार कामाचा आहे. 60 वर्षांवरच्या 181 जणांना घेतलेला हा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्यांना थोडी लक्षणं होती, पण नैराश्य अजून जडलेलं नव्हतं. अर्ध्यांजवळ प्रशिक्षण घेतलेले साधे समुपदेशक बसले: अडचण नेमकी कोणती ते ठरवणं, तिचे लहान तुकडे करणं, झोपेची शिस्त, मधुमेहासारख्या दुखण्याची काळजी, सरकारी मदतीचे अर्ज. वर्षभरात या गटात सुमारे 4 टक्क्यांना नैराश्य आलं, दुसऱ्या गटात सुमारे 14 टक्क्यांना. यात डॉक्टरी असं काहीच नाही. म्हणून ‘मन रमव’ असं सांगू नका, एक ठरलेली गोष्ट ठरलेल्या वेळी द्या: पोदेर (पाववाला) येतो तेव्हा फाटकापर्यंत जाऊन पाव घेणं, मंगळवारी शेजारच्या घरी पत्ते.

‘आता नेलं तर बरं’ असं कोणी वारंवार म्हणत असेल तर थेट विचारा, ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. कुळागरातलं (सुपारी-नारळाच्या बागेतलं) कीटकनाशक आणि गोळ्यांचा साठा कुलुपात ठेवा, माणसाला एकटं सोडू नका आणि 14416 या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा.

मूल बोलत नाही, याचं खापर भाषांवर फोडणं

घरात कोंकणी, आजीची मराठी पोथी, कार्टून हिंदी, प्री-प्रायमरी इंग्रजी. मूल बोलत नाही की नातेवाईक सांगतात, भाषा कमी करा. अनेक भाषा ऐकल्याने बोलणं खुंटत नाही. शब्द मोजताना सगळ्या भाषांतले एकत्र मोजा: ‘उदक’, ‘दूध’, ‘बॉल’ हे तीन शब्द झाले. एक वर्षाचं मूल नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, बोट दाखवत नसेल, सोळा महिन्यांत एकही शब्द नसेल, दोन वर्षांत दोन शब्द स्वतःहून जोडत नसेल, तर ‘मुलगे उशिरा बोलतात’ म्हणत थांबू नका. येत असलेलं बोलणं गेलं, तर कुठल्याही वयात त्याच आठवड्यात दाखवा.

पहिली तपासणी कानांची. पावसाळ्यातल्या सर्दीनंतर कानाच्या पडद्याआड पाणी साचतं आणि मूल आठवडेच्या आठवडे अर्धवट ऐकतं.

मोबाइलबाबत जागतिक आरोग्य संघटनेची 2019 ची शिफारस सोपी आहे: दोन वर्षांखाली नको, दोन ते चार वर्षांत दिवसाला एक तासाहून जास्त नको. सोडवताना सगळं एकदम काढू नका. आधी फक्त जेवणातला काढा. पहिले काही दिवस रडणं वाढतं, हे अपेक्षितच असतं. तिसऱ्या दिवशी आजोबांनी कळवळून फोन दिला, तर मूल एवढंच शिकतं की आणखी जोरात रडायचं. म्हणून सुरू करण्याआधी घरातल्या सगळ्यांचं एकमत करून घ्या.

शाळेच्या दिवशी सकाळी पोट दुखतं, दहा वाजता बरं वाटतं, रविवारी दुखतच नाही. एकदा डॉक्टरला दाखवा, आणि मग घरी ठेवू नका. प्रत्येक सुट्टीने परतणं अवघड होतं. ‘का जात नाहीस?’ याऐवजी तुकड्याने विचारा: बसमध्ये काय होतं, शौचालयात, मधल्या सुट्टीत, कुठल्या तासाला. वर्गशिक्षिकेशी बोलून दोन तासांपासून सुरुवात करा, पण रोज. शाळेत समुपदेशक येत असतील तर त्यांना पहिल्याच आठवड्यात गाठा.

घरात कोणी वारलं तर लहानग्याला ‘आजी झोपली’ सांगू नका. मग ते स्वतःच झोपायला घाबरतं. ‘आजी वारली, तिचं शरीर थांबलं, ती परत येणार नाही’ असं सरळ सांगा, आणि तेच पुन्हापुन्हा विचारलं तर तेच उत्तर द्या. आजी विसरते तेव्हाही सांगा की हा आजार आहे, तुझ्यावर ती रागावलेली नाही.

आई-बाबा वेर्ण्याच्या कारखान्यात शिफ्टला, म्हणून विसरू लागलेल्या आजोबांकडे दीड वर्षाचं मूल सोपवणं हे दोघांनाही धोक्याचं. आणि दुबईतल्या भावाने व्हिडिओ कॉलवर सल्ले देण्यापेक्षा आठवड्यातून दोन दुपारी मदतनीस बाईचे पैसे द्यावेत. सांभाळणारी सून तीन वर्षं सलग झोपली नसेल तर दुसरा रुग्ण तीच असते.

बांबोळीला जायची लाज

बांबोळीची मानसोपचार संस्था म्हणजे ‘वेड्यांचं हॉस्पिटल’ ही समजूत उपचार वर्षानुवर्षं लांबवते. तिथल्या ओपीडीत झोप, विसर, भीती, मुलांचं वागणं, सगळ्यांसाठी लोक येतात. म्हापसा आणि मडगावच्या जिल्हा रुग्णालयांतूनही सुरुवात करता येते. ज्येष्ठांच्या अडचणींसाठी 14567, मुलांसाठी 1098.

जाताना अर्धं पान लिहून न्या: बदल कधी सुरू झाला, आधी माणूस काय काय करायचा, आता काय सुटलं, झोप किती, औषधं कोणती आणि कधीपासून. संध्याकाळचा गोंधळ किंवा मुलाचं खेळणं फोनवर दोन मिनिटं चित्रित करा, कारण ओपीडीत दोघंही शहाण्यासारखे वागतात. आणि आजोबांसमोर त्यांच्याबद्दल डॉक्टरशी बोलू नका, कागद हातात द्या.