पाळी गेल्यावर सगळं 'वयाचंच' म्हणून सोडून देताय? या चुका टाळा

पाळी थांबली की घरातली कुणी ना कुणी म्हणतेच, "सुटलीस बाई!" दर महिन्याची कटकट संपते हे खरंच. पण मग त्यानंतर जे काही दुखतं-खुपतं ते सगळं आपण वयाच्या खात्यावर मांडून मोकळ्या होतो. त्यातलं काही खरोखर वयाचं असतं, काही नसतं, आणि घोळ नेमका तिथेच होतो.

आधी 'गेली' म्हणायची घाई. चार महिने आली नाही म्हणजे गेली, असं नसतं. सलग 12 महिने आली नाही तरच ती गेली. आपल्याकडे बहुतेक जणींची पंचेचाळिशी ते पन्नाशीच्या दरम्यान जाते. पन्नाशीच्या आत गेली असेल तर शेवटच्या पाळीपासून 2 वर्षं आणि पन्नाशीनंतर गेली असेल तर 1 वर्ष गर्भनिरोधन चालू ठेवायला डॉक्टर सांगतात. पोरांची लग्नं ठरायच्या वयात हा विषय काढायची लाज वाटते, म्हणून तो राहूनच जातो.

सगळ्यात महाग पडणारी चूक याच्या पुढची. वर्ष उलटून गेल्यावर एक दिवस डाग दिसतो. "परत आली वाटतं", "उष्णता झाली असेल" म्हणत सब्जाचं पाणी आणि गुलकंद सुरू होतो. वर्षभरानंतर आलेली पाळी ही पाळी नसते. थेंबभर रक्त असो, एकदाच दिसलेलं असो, त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायचं. योनीमार्गातून सोनोग्राफी करून गर्भाशयाचं अस्तर किती जाड आहे ते बघतात आणि गरज वाटली तर अस्तराचा छोटा तुकडा तपासायला घेतात. घाबरून जाऊ नका. अशा दहा जणींपैकी साधारण नऊ जणींना कॅन्सर नसतो. अस्तर पातळ होऊन किंवा गर्भाशयातल्या साध्या मोडामुळेही (पॉलिप) रक्त जातं. पण उरलेल्या एकीचा कॅन्सर लवकर सापडला तर बरेचदा नुसत्या शस्त्रक्रियेवर भागतं.

लघवीच्या जळजळीचंही तसंच. दर दोन महिन्यांनी 'इन्फेक्शन', दर वेळी मेडिकलमधून तीच अँटिबायोटिकची पट्टी. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन कमी झालं की योनीमार्ग आणि मूत्रमार्ग या दोन्हींचं अस्तर पातळ आणि कोरडं पडतं. त्यामुळे जंतूंना आयतं रान मिळतं, खाज येते, संबंधाच्या वेळी दुखतं. आपण मात्र स्वच्छता कमी पडली असं समजून साबणाने, अँटिसेप्टिकने धूत बसतो, म्हणजे कोरडेपणात आणखी भर. अंगातून एकदम येणाऱ्या गरम वाफा काही वर्षांनी बहुधा ओसरतात. हा त्रास मात्र उपचार केले नाहीत तर वाढत जातो. आधी लघवीचं कल्चर (कोणते जंतू आहेत ते बघायची तपासणी) करून घ्या, आणि डॉक्टरांना आत लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमबद्दल स्पष्ट विचारा. ते रक्तात फारच थोडं उतरतं. स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल तर ते आधी सांगायचं. आणि नवऱ्याला 'नको' म्हणताना 'दुखतं' हेही सांगावं, नाहीतर तो बिचारा भलताच अर्थ काढतो.

चिडचिडीकडे वळण्याआधी झोपेकडे बघा. रात्री तीनदा घामाने डबडबून उठलेली बाई सकाळी डबे भरताना गोड बोलेल कशी? अशा वेळी संध्याकाळनंतरचा चहा बंद करावा, रात्री हलकं जेवावं, सुती कपडे घालावेत. एवढ्याने भागलं नाही तर औषधं आहेत. पण झोप बरी होऊनही दोन-दोन आठवडे कशातच मन लागत नसेल, उगाच रडू येत असेल, तर 'पाळी गेली ना, म्हणून' यावर थांबू नका. थायरॉईड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. मनाबद्दल बोलायचं असेल तर सरकारच्या टेलिमानसचा 14416 हा फोन विनामूल्य आहे.

हार्मोनच्या गोळ्यांबाबत दोन टोकं दिसतात. या गोळ्यांनी स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढतो, असं सांगणाऱ्या 2002 मधल्या अमेरिकेतल्या अभ्यासाची भीती एकीला अजून आहे. त्यातल्या बायकांचं सरासरी वय 63 होतं, हे मात्र तिच्यापर्यंत पोचलेलं नसतं. साठीच्या आत किंवा पाळी जाऊन 10 वर्षं व्हायच्या आत त्रास फार असेल, आणि स्तनाचा कॅन्सर, रक्ताच्या गुठळ्या, पक्षाघात, यकृताचा आजार यांपैकी काही नसेल, तर बहुतेकींना फायदा धोक्यापेक्षा जास्त होतो. दुसरी मैत्रिणीच्या गोळ्या घेऊन बघते. मैत्रिणीची पिशवी काढलेली असेल तर तिला नुसतं इस्ट्रोजेन चालतं. तुमची पिशवी शाबूत असेल तर त्याच गोळ्यांनी अस्तर जाड होत जाऊन कॅन्सरचा धोका वाढतो.

पिशवीवरून आठवलं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचं प्रकरण 2019 मध्ये गाजलं, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. शहरातही 'आता तिचा उपयोग काय' म्हणत बायका तयार होतात. बीजकोशही काढले तर चाळिशीतच एका दिवसात रजोनिवृत्ती येते आणि हाडं, हृदय दोन्हींवर ताण पडतो. शस्त्रक्रिया झालेली असेल तर नेमकं काय काय काढलं ते डिस्चार्ज कार्डावर वाचा.

हाडांसाठी नाचणी, तीळ, दूध, ताक हे सगळं ठीकच आहे. कॅल्शियमची गोळी थायरॉईडच्या गोळीसोबत घेऊ नका, मध्ये 4 तास जाऊ द्या. रोज फिरायला जाता ते हृदयाला चांगलं, पण हाडांना वजनही पेलायला लागतं: पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचला, हात न टेकता खुर्चीतून उठा-बसा. आणि उभ्या-उभ्या न्हाणीघरात पाय घसरून मनगट मोडलं, तर प्लास्टर निघाल्यावर 'पडलेच तशी' म्हणून विसरू नका. त्याच डॉक्टरांकडून डेक्सा स्कॅनची (हाडं किती ठिसूळ झाली ते बघायच्या तपासणीची) चिठ्ठी मागून घ्या.